रेसचा घोडा नाचत नाही, आणि तो थांबायलाही शिकलेला नसतो

रेसमधून रिटायर झालेला घोडा सांभाळतोय म्हटलं की नाशिकात पहिला प्रश्न ठरलेला, नाचतो का? दुसरा प्रश्न, केवढ्याला पडला? नाचत नाही आणि फार काही पडला नाही असं सांगितलं की समोरच्याचा इंटरेस्टच जातो. त्यांचंही बरोबर आहे म्हणा. आपल्याकडे घोडा म्हणजे येवल्याच्या बाजारातला नाहीतर सारंगखेड्याच्या यात्रेतला, मारवाडी किंवा काठेवाडी, कानांची टोकं एकमेकांना टेकलेली, नुकरा म्हणजे पांढराशुभ्र असला तर विचारूच नका, आणि घ्यायला आलेला माणूस आधी दात बघणार, मग अंगावरचे केसांचे भोवरे शोधत बसणार, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) आहे का, पंचकल्याणी (चारी पाय आणि कपाळ पांढरं) आहे का. आमचा बाळ्या यातल्या कुठल्याच हिशोबात बसत नाही. उंच, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, लांब पायांचा, सरळ कानांचा थरोब्रेड, म्हणजे रेससाठीच पैदा केलेल्या जातीचा. पासपोर्टवर, म्हणजे घोड्याच्या ओळखपत्रावर, त्याचं नाव इंग्रजीत आणि भलतंच ऐटबाज आहे, आईबापांची नावं त्याहून ऐटबाज, पण पळण्यात यथातथाच. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर पळाला, पावसाळ्यात पुण्याला पळाला, मग पुढच्या उजव्या पायाचं टेंडन (स्नायू हाडाला जोडणारा दोरीसारखा भाग) सुजलं आणि ट्रेनरने हात वर केले.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. थरोब्रेडला दुसऱ्या वर्षीच रेसमध्ये उतरवतात. त्याचं वयसुद्धा सरकारी पद्धतीने मोजतात, जन्म कधीचाही असो, १ जानेवारीला सगळेच एक वर्षाने मोठे. आणि मणक्याची हाडं पूर्ण पक्की व्हायला पाच-सहा वर्षं लागतात. म्हणजे बाकीचे घोडे ज्या वयात जरा मनावर घेऊन काम शिकायला लागतात त्या वयात हा पेन्शनीत निघालेला असतो. नीट सांभाळला तर घोडा सहज २५ वर्षं जगतो. म्हणजे राहिलेली वीसेक वर्षं त्याने करायचं काय? चांगल्या वंशाची घोडी असेल तर तिला स्टड फार्मवर जागा मिळते, एखादा डर्बी गाजवलेला नर असेल तर त्यालाही, पण खच्ची केलेला मध्यम कुवतीचा घोडा कुणालाच नको असतो. नशीब चांगलं असेल तर रायडिंग क्लब, पोलो, पोलीस. नसेल तर लग्नाची वरात नाहीतर टुरिस्ट फिरवणं. पूर्वी मुंबईत व्हिक्टोरिया घोडागाड्याही होत्या, त्या २०१५ मध्ये हायकोर्टाने बेकायदा ठरवल्या.

आमचा फार्म गिरणाऱ्याच्या बाजूला आहे, आजूबाजूला सगळ्या द्राक्षबागा. चालवतात रिटायर्ड रिसालदार काका, मी सकाळी ऑफिसच्या आधी जाते. काकांचं एक वाक्य मला फार पटलेलं आहे. बाळ्या आल्यावर लोक म्हणायला लागले, रेसचा घोडा म्हणजे डोक्याने सरकलेला, बिनशिकलेला. काका म्हणाले, "ताई, बिनशिकलेला कसला, चांगला ग्रॅज्युएट आहे तो. फक्त त्याची डिग्री आपल्या उपयोगाची नाही."

आणि हे अगदी खरंय. त्याची शाळा काय होती बघा ना. दिवसातले बावीस-तेवीस तास बॉक्समध्ये, म्हणजे तबेल्यातल्या खोलीत, उभं राहायचं, भल्या पहाटे ट्रॅकवर वर्कला म्हणजे सरावाला जायचं, तेही दहा-बारा घोड्यांच्या घोळक्यात. जॉकी चढणार ते घोडा चालत असतानाच, खालून कुणीतरी जॉकीचा पाय उचलून त्याला वर फेकणार. रिकिबी आखूड, जॉकीचं बूड खोगिराला टेकतच नाही, त्याचे पाय घोड्याच्या कुशीला कधी लागतच नाहीत. आणि लगाम! रेसमध्ये जॉकी लगाम धरून ठेवतो, घोडा त्याच्यावर भार टाकून पळतो, जेवढा आधार घट्ट तेवढा त्याला पळायला जोर. म्हणजे आपण घाबरून लगाम खेचला की त्याला वाटतं, हां, चला, निघायचं. ब्रेक दाबल्यावर पळणारी गाडी चालवायला दिल्यासारखं आहे हे. बिचाऱ्या नवीन रायडरला वाटतं घोडा उधळला, आणि घोड्याला वाटत असतं आपण किती शहाण्यासारखं ऐकतोय.

रेस संपल्यावर जॉकी काय करतो ते टीव्हीवर नीट बघा. तो रिकिबीत उभा राहतो, हात ढिले सोडतो, मग घोडा हळूहळू आपोआप दुडकीवर येतो. आम्ही तिथूनच सुरुवात केली. वेग वाढतोय वाटलं की सरळ बसायचं, श्वास सोडायचा आणि लगाम द्यायचा. द्यायचा, ओढायचा नाही. वाचायला सोपं आहे, पण चारशे-साडेचारशे किलोचं जनावर तुमच्याखाली लांब होत असताना बोटं उघडून बघा म्हणजे कळेल.

पण हे सगळं फार नंतरचं. आल्याआल्या खोगीर घातलंच नाही, कित्येक महिने नाही. काका याला उतरवणं म्हणतात, म्हणजे रेसच्या फिटनेसवरून खाली आणणं. खरं काम इथे असतं आणि लोक नेमकं इथेच शॉर्टकट मारतात. रेसमध्ये ओट्स, बार्ली असली ताकदीची चंदी भरपूर आणि वैरण त्यामानाने कमी. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास सुटत असतं, तोंड चालू असेल तर लाळेने ते शमतं, पोट रिकामं राहिलं की अल्सर. रेसच्या घोड्यांमध्ये हे इतकं कॉमन आहे की आम्ही बाळ्याला अल्सर आहे असं धरूनच चाललो, आणि डॉक्टरांनी तपासलं तर होताच. मग चंदी हळूहळू कमी, कडबा आणि वाळलेलं गवत समोर कायम, थोडा लसूणघास. दिवसाला आठ-दहा किलो कोरडी वैरण सहज जाते. एकदम बदल केला तर पोटशूळ उठतो आणि पोटशूळ म्हणजे घोड्याच्या बाबतीत साधं पोटात दुखणं नव्हे, जीवावरचं दुखणं आहे.

या काळात घोडा दिसतो भयंकर. रेसचे स्नायू उतरतात, नवे आलेले नसतात, मागचा भाग टोकदार दिसतो. आमच्या शेजारचे बागायतदार दादा रोज कुंपणाशी थांबून विचारायचे, "काय हो मॅडम, खायला घालत नाही का त्याला?" एकदा तर पोतंभर गाजरं आणून टाकली. (गाजरं बाकीच्या घोड्यांनी खाल्ली. बाळ्याला गाजर हा खायचा पदार्थ आहे हेच माहीत नव्हतं, तोंडात धरून खाली टाकायचा.)

पायाचं सांगायचं तर टेंडन हा अतिशय चिवट प्रकार आहे. सूज उतरली, घोडा लंगडत नाही, म्हणजे बरा झाला असं नसतं. सोनोग्राफी करून आतला फाटलेला भाग भरलाय का बघावं लागतं, नऊ महिने ते वर्ष धरून चालायचं, आणि भरतो तो भाग मूळच्याइतका लवचिक होत नाही. आधी नुसतं हाताने चालवणं, तेही दहा-पंधरा मिनिटं, मग वाढवत जायचं. हरसूलकडचा एक पोरगा आमच्याकडे मोतद्दार म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा आहे, तो मोबाईलवर गाणी लावून बाळ्याला बांधाबांधाने फिरवायचा. पुढेपुढे गाणं बंद केलं की बाळ्या थांबायचा. रेसचे हलके ॲल्युमिनियमचे नाल काढून नालबंदाने लोखंडी बसवले, पण पावसाळ्यात आपली काळी माती म्हणजे खुराचं वाटोळं, रोज खूर उचलून साफ केला नाही तर खालच्या मऊ भागाला घाण वास यायला लागतो.

मग शाळा सुरू. पहिला धडा, उभं राहणं. खरंच. द्राक्षाचे क्रेट रचून त्यावर जाड फळी ठोकून पायरी केली होती, तिच्याशेजारी बाळ्याला आणायचं, मी फळीवर चढायचं आणि काहीच करायचं नाही. सुरुवातीला मी वर पाय ठेवला रे ठेवला की हा चालायला लागायचा, कारण त्याच्या माहितीप्रमाणे माणूस चढतो ते चालत्या घोड्यावरच. पुन्हा गोल फिरवून आणायचं, पुन्हा उभं करायचं, मानेवर खाजवायचं, उतरायचं. चढायचंच नाही. काका लांब खुर्चीवर चहा पीत बसलेले. एके दिवशी त्याने मोठा सुस्कारा सोडला, मागचा एक पाय ढिला केला, खालचा ओठ लोंबता. काका तिथूनच ओरडले, "बस, आजचं झालं, सोडा त्याला." मी म्हटलं अहो आत्ता तर सुरू केलं, तर म्हणे, "म्हणूनच."

नंतर लांब दोरीवर गोल फिरवणं, दोन्ही हातांवर, म्हणजे डावीकडून आणि उजवीकडूनही. एका हातावर कँटर (दुडकीच्या पुढची संथ दौड) इतका सुंदर की बघत राहावं आणि दुसऱ्या हातावर नुसता गोंधळ, चुकीचा पाय पुढे, मागचा भाग बाहेर, कारण आयुष्यभर वळला तो एकाच बाजूला. जमिनीवर बांबू टाकून दुडकीत त्यावरून नेलं, दोन बांबूंत साधारण १.३ मीटर अंतर, त्याने पाय मोजून टाकायची सवय लागते आणि डोकं खाली येतं. कुशीला पाय लावणं तर सगळ्यात शेवटी, आणि तेही चालत असताना, हळूच, कापूस लावल्यासारखा. पहिल्यांदा माझी पोटरी लागली तेव्हा हा असा काही दचकला की आम्ही दोघंही मेथीच्या वाफ्यात.

बाहेर नेल्यावर वेगळीच गंमत. ट्रक, गर्दी, भोंगे, लाउडस्पीकर, याला काही वाटत नाही, ट्रॅकवर सगळं बघून झालंय. पण म्हैस बघून गळाठला. म्हैस! आणि द्राक्षबागेवरचा प्लॅस्टिकचा पेपर वाऱ्याने फडफडला की चारी पाय रोवून उभा, नाक फुंकतोय. औषध मारायच्या ब्लोअरचा ट्रॅक्टर दोन ओळींमधून अचानक बाहेर आला की संपलंच. त्यावर उपाय एकच, आमची म्हातारी काठेवाडी घोडी. तिला पुढे चालवायचं. ती ब्लोअरकडे बघतसुद्धा नाही, आणि घोळक्यात वाढलेल्या प्राण्याला पुढचा शांत आहे म्हटल्यावर धीर येतो.

आता लोक म्हणतात एवढं करून होणार काय, ऑलिम्पिकला जाणारेय का? बाळ्या नाही जाणार. पण १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये जंपिंगची दोन सुवर्णपदकं मिळवलेली टच ऑफ क्लास ही घोडी रेसमधूनच आलेली होती, आणि रेसमध्ये तिने काही दिवे लावले नव्हते. ब्रिटनमध्ये रेसिंगवाल्यांनीच २००० साली निवृत्त घोड्यांसाठी संस्था काढली, अमेरिकेत तर नुसत्या रेसमधून आलेल्या घोड्यांची केंटकीला स्पर्धा होते, त्यात ड्रेसाजपासून (रायडरच्या इशाऱ्यावर घोड्याने करायच्या शिस्तबद्ध हालचाली) गुरं वळण्यापर्यंत सगळं. आपल्याकडे वरच्या लेव्हलला परदेशी घोडे लागतात, फौआद मिर्झाने २०१८ च्या एशियन गेम्सला रौप्य मिळवलं तेही जर्मन घोड्यावर, आणि तसला घोडा आणणं हे तुमच्याआमच्या आवाक्यातलं नाही. पण जी पोरं ६०-७० सेंटीमीटरच्या उड्या शिकतायत, टेंट पेगिंग (पळत्या घोड्यावरून भाल्याने जमिनीतली खुंटी उचलणं) शिकतायत, त्यांच्या खाली क्लबमध्ये बहुतेक वेळा रेसमधून आलेलाच घोडा असतो. थरोब्रेडला उडी आवडते, दम भरपूर, आणि समजा चुकीचं शिकवलं तर तेही तितक्याच पटकन शिकतो.

सगळेच जमतात असं मात्र नाही. काहींचे पाय फक्त चालण्यापुरते उरलेले असतात, काहींना एकटं राहणं जमतच नाही, बॉक्समध्ये रात्रभर डोलत राहतात. असा घोडा नवशिक्याच्या गळ्यात मारणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, आणि असे लोक आहेत. मागे एका ओळखीच्यांच्या मुलीसाठी असाच एक "एकदम शांत" म्हणून आणलेला, दोन दिवस शांत होता, तिसऱ्या दिवसापासून औषधाचा असर उतरला.

तर कुणी फुकट देतोय म्हणून घ्यायचा विचार असेल तर पासपोर्ट आणि मायक्रोचिप जुळतेय का बघा, ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा रिपोर्ट मागा, पुढच्या दोन्ही पायांची सोनोग्राफी स्वतःच्या डॉक्टरकडून करून घ्या, आणि वर्षभर त्याच्यावर बसायला मिळणार नाही असं धरून महिन्याचा खर्च मोजा, वैरण, नालबंद, डॉक्टर, मोतद्दाराचा पगार. एवढं मोजूनही घ्यावासा वाटला तर काकांना भेटायला या. रविवारी नको, रविवारी पोरांची बॅच असते. आणि गाजरं आणा, आता खातो.