मुगाच्या वहीतून: डबल रिस्टलॉकपर्यंत पोचलो

मंडळी, 'मुगा' या जपानी कुस्तीच्या धाटणीचा माग काढायचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय, म्हणून ही नोंद.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. जपानी पहिलवान तात्सुमी फुजिनामीने १९९५ मध्ये न्यू जपान प्रो-रेसलिंग या कुस्ती कंपनीत असतानाच 'मुगा' या नावाने वेगळे कार्यक्रम सुरू केले. जपानमध्ये तेव्हा काटेरी तारा आणि स्फोटांच्या लढतींची चलती होती. त्या गदारोळात फुजिनामीने उलटी वाट धरली. इंग्लंडमधल्या विगन गावची जुनी कॅच कुस्ती, पकड, सुटका आणि जमिनीवरचं काम, एवढ्यावर अख्खा कार्यक्रम उभा करायचा. २००६ मध्ये न्यू जपान सोडल्यावर त्याने याच नावाने स्वतःची कंपनी काढली. २००८ पासून तिचं नाव ड्रॅडिशन झालं.

त्याला हे का करावंसं वाटलं असेल, याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. १९७८ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ड्रॅगन सुप्लेक्स (मागून दोन्ही हात जखडून समोरच्याला उलटा मागे फेकायचा डाव) मारून पट्टा जिंकणारा फुजिनामी हा हवेतला गडी होता. १९८९ मध्ये पाठीची गादी सरकली आणि तो वर्षभराहून जास्त काळ बाहेर बसला. परतल्यावरची त्याची कुस्ती बघा, ती खाली उतरलेली दिसते. पण ती नाइलाजाची वाटत नाही. तरुणपणी फ्लोरिडात कार्ल गॉचकडे जे शिकला होता, तेच पुन्हा वर आलं.

म्हणून वहीची सुरुवात मी मुगापासून न करता गॉचपासून केली. गॉच मूळचा अँटवर्पचा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये बेल्जियमकडून उतरला आणि पुढे विगनला बिली रायलीच्या 'स्नेक पिट' या आखाड्यात जाऊन घडला. जपानमध्ये त्याला 'कुस्तीचा देव' म्हणतात. ६ मार्च १९७२ ला न्यू जपानचा पहिला कार्यक्रम झाला, त्यात त्याने खुद्द मालक इनोकीला हरवलं. गॉच व्यायाम कशाचा करून घ्यायचा? दंड, बैठका आणि मुद्गल. जपानी आखाड्यांत आजही बैठकांना 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. आपल्या मातीतली मेहनत बेल्जियमच्या माणसाच्या हातून तोक्योला पोचली, हे मला फार भारी वाटतं.

त्याची पत्त्यांची रीत मी सुरू केलीय. जोड पिसायचा आणि एकेक पान उलटायचं. लाल पान आलं तर तेवढे दंड, काळं आलं तर त्याच्या दुप्पट बैठका. एक्का एक धरला आणि चित्रांची पानं दहाची धरली, तर पूर्ण जोडात १७० दंड आणि ३४० बैठका होतात. यातली खरी मेख म्हणजे पुढचं पान माहीत नसतं. सलग तीन काळी चित्रं आली की मांड्या बोलायला लागतात. पूर्ण जोड अजून एका दमात होत नाही, अर्धा आता नीट होतो.

पाहण्यात सगळ्यात जास्त वेळ गेला तो इनोकी विरुद्ध इंग्लिश पहिलवान बिली रॉबिन्सन, ११ डिसेंबर १९७५, कुरामाए कोकुगिकान, या लढतीवर. तीनपैकी दोन फॉल (म्हणजे बाज्या) जिंकायची, साठ मिनिटांची कुस्ती. चाळीस मिनिटं उलटून गेल्यावर पहिला फॉल रॉबिन्सनने घेतला. इनोकीने बरोबरी साधली ती अगदी शेवटच्या मिनिटात, मांजी-गातामे ही पकड लावून. एक पाय रॉबिन्सनच्या पायात अडकवलेला, दुसरा मानेवरून टाकलेला आणि त्याचा हात वर ओढून पिळलेला. मी हा तुकडा आवाज बंद करून पुन्हा पुन्हा पाहिला. पकड हाताने लागते असं वाटतं, पण आधी पाय अडकतो आणि तिथेच रॉबिन्सनचा तोल जातो. हात नंतरचा.

मुगाचा मनापासूनचा पाईक म्हणजे ओसामु निशिमुरा. त्याची एक सुटका मी वहीत चित्र काढून ठेवलीय. समोरच्याने आडवं पडून दोन्ही मांड्यांत डोकं आवळलंय. निशिमुरा घाई करत नाही. हात टेकतो, कंबर उचलतो आणि सावकाश शीर्षासनात उभा राहतो. क्षणभर तोल सांभाळतो आणि डोकं अलगद मोकळं करून घेतो. १९९८ मध्ये त्याला कॅन्सर झाला, २००० मध्ये तो रिंगमध्ये परतला. २८ फेब्रुवारी २०२५ ला, वयाच्या ५३ व्या वर्षी तो गेला. ज्यांनी त्याला पाहिलं नसेल त्यांनी आधी ही सुटका शोधा. मुगा म्हणजे काय, ते तिथे कळतं.

आता मॅटवरचं काम. डबल रिस्टलॉक घेतलाय. एका हाताने समोरच्याचं मनगट धरायचं, दुसरा हात त्याच्या दंडावरून घालून आपलंच मनगट पकडायचं आणि हात त्याच्या पाठीकडे फिरवायचा. इनोकीने १९७६ मध्ये कराचीत अक्रम पहिलवानाचा हात असाच मोडला. रॉबिन्सनच्या हाताखाली तयार झालेल्या साकुराबा या जपानी लढवय्याने २००० मध्ये याच पकडीत ब्राझीलच्या रेंझो ग्रेसीचं कोपर निखळवलं. आपल्या कुस्तीत पाठ लागली की निकाल, थोपटून हार मानायची रीत नाही. म्हणून जोडीदाराशी आधीच ठरवून घेतलं की एकदा थोपटलं की सोडायचं आणि जोर हळूहळूच वाढवायचा. हे ठरवल्याशिवाय कुणी ही पकड लावून बघू नका.

मनगट हाती यायचं, पण जोडीदार स्वतःच्या लांगेला घट्ट धरून बसायचा आणि हात सुटायचा नाही. वस्ताद कडेला उभे होते. म्हणाले, "हाताला काय झोंबतोयस रं? खांदा दाब, हात आपसूक येतोय." छातीचा भार खांद्यावर टाकला, त्याचं कोपर माझ्या छातीला चिकटवलं आणि हाताने न ओढता अख्खं धड फिरवलं. त्याची लांगेवरची पकड सुटली. खालून मात्र अजून जमत नाही, कंबर वेळेवर बाहेर निघत नाही.

यापुढे पायाच्या पकडी घेणार आहे, आधी टो होल्ड (पायाचा पंजा पिळायची पकड) आणि मग निशिमुराचा स्पिनिंग टो होल्ड. ८ ऑगस्ट १९८८ ची योकोहामातली फुजिनामी-इनोकी लढतही सलग बघायची राहिलीय, तीही साठ मिनिटांची बरोबरी. १९९५ ते ९७ मधल्या मुगाच्या लढतींचं चांगलं चित्रण कुणाकडे असेल तर जरूर सांगा, वहीतली ती पानं रिकामी आहेत.