देवळाच्या सभामंडपात रंगीत काँक्रीट : नमुना मिळेपर्यंतचा माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या दत्तमंदिरातली कोटा दगडाची फरशी जागोजागी खचली होती, म्हणून सभामंडपात रंगीत, ठसा उमटवलेलं काँक्रीट घालायचं ठरलं. "देवळात सिमेंट?" असं आमच्या एका विश्वस्त काकांनी विचारलं. पॅरिसजवळ ल रँसीला 1923 साली उघड्या काँक्रीटचं चर्च बांधलंय, हे सांगून ते बधले नाहीत. जुन्या घरातल्या, घोटून घोटून आरशासारख्या केलेल्या लाल ऑक्साइडच्या जमिनीची (तीही रंगीत सिमेंटचीच) आठवण काढली, तेव्हा कुठे तयार झाले.

खरा छळ झाला तो नमुन्यापायी. ज्या कंत्राटदाराला काम द्यायचं होतं, त्याच्या ऑफिसात दर खेपेला एकच उत्तर : "फोटो देख लो भिया, बिल्कुल ऐसा ही आएगा." मोबाईलच्या फोटोवरून देवळाची जमीन ठरवायची? तोच लाल रंग पांढऱ्या सिमेंटमध्ये खुलतो आणि राखी सिमेंटमध्ये मळकट होतो. पाणी कमी-जास्त पडलं तरी छटा बदलते. शिवाय आमच्याकडे समईचं तेल सांडतं, हळद-कुंकू पडतं, अभिषेकाचं दूध-दही वाहतं. दह्यातलं आम्ल सिमेंट खातं. हे फोटोत कुठे दिसणार?

मी दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा मागितला. आधी अ‍ॅडव्हान्स द्या म्हणाले. दानपेटीतला पैसा न बघता कसा द्यायचा? मग मिस्त्री लग्नाला गेला, मग साचे दुसऱ्या साइटवर गेले, मग फोन उचलणंच बंद झालं. शेवटी तुकडा आला, आणि देखणा आला. उलटा करून बघितला तर खालून पांढरं सिमेंट, रंग फक्त वरच्या थरात. दरपत्रकात मात्र राखी सिमेंट आणि पूर्ण जाडीत रंग असं स्वच्छ लिहिलेलं! मी तो तिथेच टेबलावर ठेवला आणि सांगितलं, कागदावर आहे तेच करा, देवळाच्या मागच्या अंगणात, आमच्यासमोर. नाहीतर दुसरा माणूस बघतो.

तेव्हा कुठे मिस्त्री आला आणि अंगणात नवा तुकडा घातला. तो पुरता मुरू दिला, अर्ध्या भागावर सीलर (डाग आत शिरू नयेत म्हणून मारायचा लेप) मारला, अर्धा कोरा ठेवला. रात्री दोन्हीकडे तेल, ओली हळद आणि दही टाकलं. सकाळी सीलरची बाजू ओल्या फडक्याने साफ झाली. कोऱ्या बाजूवर तेलाचा काळा डाग, हळदीचा पिवळा, आणि दह्याखाली बोटाला खरखरीत लागणारा पांढुरका चट्टा. मिस्त्रीनेही बोट फिरवून बघितलं. या तुकड्यावर दोन्हीकडच्या सह्या घेतल्या आणि शेवटचं बिल देईपर्यंत तो देवळातच ठेवला. हा हट्ट धरला याचा मला आजही अभिमान आहे. नमुन्याआधी एक रुपयाही देऊ नका.

पुढचं काम सुरळीत झालं. आपल्या माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती उकरून मुरूम भरला आणि धुम्मस करून घेतला. हे टाळलंत तर वरची नक्षी कितीही सुंदर असो, तडकणारच. तडा गेलाच तर ठरल्या रेषेतच जावा, म्हणून चार इंच जाडीला आठ-दहा फुटांवर एक इंच खोल सांधे कापावे लागतात. आमचे खांबांच्या रेषेत घेतले, त्यामुळे ते डोळ्यांत खुपत नाहीत. रंगाची पूड सिमेंटच्या वजनाच्या 10 टक्क्यांवर जाऊ देऊ नका, ताकद घटते. रंगीत कामावर ओलं गोणपाट पसरायलाही देऊ नका, डाग उमटतात.

सीलरची घाई करणारे भेटतील. आम्ही 28 दिवस थांबलो, उत्सव जुन्या ओसरीवर केला. आत ओल असताना सीलर मारला की तो पांढरा पडून सुटतो. हो, आणि सीलरमध्ये बारीक खरखरीत पूड मिसळायला सांगा, ओल्या अनवाणी पायांनी म्हातारी माणसं घसरतात. प्रदक्षिणेच्या उघड्या वाटेला गडद रंग नकोच, मे महिन्यात तळपाय भाजतात.

सीलर झिजतो, समईजवळ आणि उंबऱ्यापाशी सगळ्यात आधी. पुढचा हात कोण मारणार आणि कोणाच्या खर्चाने, हे करारातच लिहून घ्या.