ग्रीनस्टेडचं लाकडी चर्च: ८४५ हा आकडा डोक्यातून काढून जा

इंग्लंडमध्ये लंडनच्या ईशान्येला, एसेक्समधलं ग्रीनस्टेडचं सेंट अँड्र्यूज चर्च इ.स. ८४५ चं, असं अजूनही जिकडेतिकडे छापलेलं दिसतं. ते चूक आहे. १९९५ मध्ये ओकची वर्षवलयं नव्याने मोजली, तेव्हा भिंतींची झाडं १०५३ नंतर तोडलेली निघाली. म्हणजे १०१३ मध्ये सेंट एडमंडचं (नवव्या शतकातल्या संत राजाचं) शव 'याच भिंतींआड' ठेवलं होतं, ही समजूतही बाद. ठेवलं असेलच तर आधीच्या वास्तूत. तशा लाकडी बांधकामाच्या खुणा १९६० च्या उत्खननात वेदीकडच्या भागाखाली मिळाल्या आहेत. तरीही एवढं जुनं लाकडी चर्च इंग्लंडमध्ये दुसरं उभं नाही.

दुसरी फसगत जुन्या नकाशांची. लंडनच्या भुयारी रेल्वेची सेंट्रल लाइन आता चर्चजवळच्या ऑंगर गावाला जात नाही. तो फाटा ३० सप्टेंबर १९९४ ला बंद झाला. एपिंगला उतरा, बसने ऑंगर गाठा (परतीची वेळ आधीच बघून ठेवा) आणि तिथून एसेक्स वे या पायवाटेने शेतांमधून पंचवीस मिनिटं चाला. हा भाग सोपा आहे.

एपिंगपासून चालत जायचा बेत मात्र नोव्हेंबर ते मार्च अजिबात करू नका. अंतर अकरा-बारा किलोमीटर, सपाट, म्हणून तीन तास पुरेसे वाटतात. ओल्यात साडेचार लागतात. इथली जमीन चिकणमातीची. नांगरलेल्या शेतात दहा पावलांत बुटाखाली मातीचा थर चढतो, तळव्याचे खाचे बुजतात आणि पकड जाते. मग बांधावरच्या फाटकाशी, जिथे गुरांनी चिखल तुडवलेला असतो, तिथे पाय घोट्यापर्यंत रुततो. घोट्यावरचे बूट, गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायची आवरणं) आणि एक काठी हवीच. माती खरवडायला बोथट काटकी खिशात ठेवा. ट्रेनर्स (साधे खेळाचे बूट) घालून गेलात तर दिवस वाया.

चर्चशी पोचल्यावर लगेच आत शिरू नका. आधी उत्तरेची भिंत बघा. ओकचे बुंधे उभे चिरलेत, गोल बाजू बाहेर, सपाट बाजू आत. प्रत्येकाच्या कडेला खाच पाडून दोन बुंध्यांमध्ये ओकची पट्टी सरकवली आहे, वारा-पाऊस आत येऊ नये म्हणून. आता खाली वाका. बुंधे जमिनीला टेकलेले नाहीत, विटांच्या जोत्यावर आहेत. ओलीने तळ कुजले होते, ते १८४८ च्या दुरुस्तीत कापून खाली जोतं घातलं. छताच्या खिडक्याही त्याच काळातल्या. वेदीकडचा विटांचा भाग १५०० च्या सुमाराचा. त्याच्या पायाशी नॉर्मन काळातलं (१०६६ नंतरचं) गारगोटीचं बांधकाम दिसतं.

आत अंधार असतो. टॉर्च भिंतीवर सरळ मारली तर काहीच कळत नाही. भिंतीला लागून तिरकी धरा, की तासणीचे घाव उठून दिसतात. भिंतीतलं छोटं भोक 'कुष्ठरोग्यांची खिडकी' म्हणून दाखवतात. ते बहुधा पवित्र पाण्याचा कोनाडा असावं.

संघटना केली म्हणून १८३४ मध्ये ऑस्ट्रेलियात हद्दपार केलेल्या टॉलपडल गावच्या शेतमजुरांपैकी जेम्स ब्राइनचं लग्न १८३९ मध्ये इथेच झालं. आजही इथे लग्नं लागतात, त्यामुळे शनिवारी जायचं असेल तर आधी चौकशी करा.