थिसलगॉर्म: पोहोचू न शकलेला माल

एस. एस. थिसलगॉर्म हे ब्रिटिश मालवाहू जहाज ६ ऑक्टोबर १९४१ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर तांबड्या समुद्रात बुडाले. त्याच्याबरोबर मालमोटारी, मोटारसायकली, रायफली, दारूगोळा, विमानांचे सुटे भाग, रबरी बूट आणि रेल्वेची दोन वाफेची इंजिने तळाशी गेली. त्यातला बराचसा माल अजून तिथेच आहे आणि योग्य प्रशिक्षण घेतलेल्या डायव्हरला तो तीस-बत्तीस मीटर खोलीच्या आत डोळ्यांनी पाहता येतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ओतकामाचा धंदा करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला केवळ रंगीत मासे पाहण्यासाठी इजिप्तपर्यंत जाण्याची हौस कधी नव्हती, परंतु ऐंशीहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात पडलेले बीड (ओतीव लोखंड), पोलाद, पितळ आणि ॲल्युमिनियम एकाच ठिकाणी पाहायला मिळते, असे कळल्यावर मात्र मला राहवेना. सोबत माझा पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा नमुना) बनवणारा मित्र होता. आम्ही दोघेही तारकर्लीला एमटीडीसीच्या संस्थेत डायव्हिंग शिकलो आणि पुढे तीस मीटरपर्यंत जाण्यासाठी लागणारा वरचा अभ्यासक्रमही पूर्ण केला.

जहाजाची हकिगत थोडक्यात अशी. इंग्लंडमधील संडरलंड येथे बांधलेले हे जहाज एप्रिल १९४० मध्ये पाण्यात उतरले. त्याची मालकी अल्बिन लाइन या कंपनीकडे होती आणि त्याची लांबी सुमारे १२६ मीटर होती. जून १९४१ मध्ये ते चौथ्या फेरीसाठी ग्लासगोहून निघाले. माल जायचा होता इजिप्तमधील ब्रिटिश सैन्याकडे, म्हणजे नकाशावर भूमध्य समुद्रातून सरळ वाट होती. पण जर्मन आणि इटालियन विमानांमुळे ती वाट धोक्याची झाल्याने जहाज संपूर्ण आफ्रिकेला वळसा घालून केप टाउनमार्गे तांबड्या समुद्रात आले. सुवेझ कालव्याकडे पुढे सरकण्याची परवानगी मिळेपर्यंत ते शाब अली नावाच्या प्रवाळखडकांच्या आडोशाला नांगरून पडले होते. सैनिक वाहून नेणारे एक मोठे जहाज शोधत क्रीट बेटावरून आलेल्या जर्मन हाइंकेल बॉम्बफेकी विमानांना ते नेमके तिथे सापडले. बॉम्ब मागच्या बाजूच्या चौथ्या कप्प्यावर पडले, त्याच कप्प्यात दारूगोळा होता, आणि पुढचे सारे त्या स्फोटाने केले. नऊ माणसे मेली. जळत्या डेकवरून अनवाणी जाऊन जखमी तोफचीला बाहेर काढणाऱ्या अँगस मॅक्ले या खलाशाला पुढे जॉर्ज मेडल मिळाले.

ज्या सैन्यासाठी हा माल निघाला होता, त्याच वाळवंटात भारतीय तुकड्याही लढत होत्या. बेळगावचे केंद्र असलेल्या मराठा रेजिमेंटच्या पलटणी त्याच वर्षी मार्चमध्ये एरिट्रियातील केरेनच्या लढाईत होत्या, आणि जून १९४२ मध्ये लिबियातील तोब्रुक पडले तेव्हा तिथे कैद झालेल्यांत मराठ्यांची दुसरी बटालियनही होती. शिरोळ तालुक्यातील सैनिक टाकळीसारख्या गावांतून घरटी माणूस फौजेत जात असे, तेव्हा तळाशी पडलेल्या त्या ट्रकांची वाट पाहणाऱ्यांत आपल्या जिल्ह्याचा कोणी असणारच नाही, असे मला म्हणवत नाही. या बुडालेल्या जहाजावर जे लेखन माझ्या वाचनात आले, त्यात हा धागा मला कुठे दिसला नाही.

शर्म अल-शेखहून बोट पहाटेच्या अंधारात निघते आणि शाब अलीला पोहोचायला तीन-साडेतीन तास लागतात. वाटेत न्याहारीला फूल, म्हणजे मोठ्या वालांची घोटलेली उसळ, आणि जाड भाकरीसारखा पाव मिळाला. मित्राने बॅगेतून कांदा-लसूण मसाल्याची पुडी काढून त्यावर भुरभुरली आणि बोटीवरच्या स्वयंपाक्यालाही आग्रहाने चाखवली, त्याबद्दल अधिक लिहीत नाही.

तिथे पोहोचल्यावर समुद्राचा पृष्ठभाग शांत दिसला तरी गाइडने आधी एका सहकाऱ्याला खाली पाठवून प्रवाह पाहून घेतला, कारण शाब अलीचा प्रवाह वर एका दिशेला आणि तळाशी दुसऱ्या दिशेला वाहू शकतो. आम्ही साध्या हवेऐवजी नायट्रॉक्स घेतला होता. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के असतो, तर या मिश्रणात तो ३२ टक्के असल्याने नायट्रोजन तितका कमी होतो आणि शरीरात विरघळणारा नायट्रोजन कमी म्हणजे तळाशी राहण्याचा अवधी जास्त. तीस मीटरवर साध्या हवेने सुमारे वीस मिनिटे मिळतात, तर नायट्रॉक्सवर तीसच्या आसपास. ही दहा मिनिटे फुकट मिळत नाहीत, कारण जास्तीचा ऑक्सिजन खोल पाण्यात विषारी ठरतो आणि या मिश्रणाने ३३ मीटरच्या खाली जायचे नसते. थिसलगॉर्म त्या मर्यादेत बसते, हे आमचे नशीब.

दोराला धरून खाली उतरताना आधी काहीच दिसत नाही, निळ्या पाण्यात निळाच पसारा असतो. मग पंधराएक मीटरवर डेकची कड दिसू लागते आणि डोळ्यांना एकदा मोजमाप सापडले की सबंध जहाज उलगडत जाते. पुढचा भाग तळावर जवळजवळ सरळ उभा आहे. त्यावर नांगराच्या साखळ्यांची रहाटे आणि माल चढवण्या-उतरवण्याची वाफेची विंच जागच्या जागी आहेत. मागचा भाग मात्र स्फोटाने तुटून डावीकडे कलंडला आहे. मधला चौथा कप्पा अस्तित्वातच नाही, तिथे वाकलेल्या पत्र्यांचा ढीग, उलटी पडलेली चिलखती वाहने आणि विखुरलेले तोफगोळे आहेत. पहिल्या डायव्हमध्ये आम्ही बाहेरूनच फेरी मारली. मागे गेल्यावर जहाज ढकलणारा पंखा दिसतो आणि त्याच्या वर कलंडलेल्या डेकवर विमानांवर रोखण्यासाठी बसवलेली तोफ, जिचा त्या रात्री काही उपयोग झाला नाही. विंचपाशी मित्र इतका वेळ थांबला की गाइडला दोनदा टाकीवर ठोकून त्याला बोलवावे लागले. त्या विंचचे दातेरी चक्र कोणत्या पॅटर्नवर ओतले असेल, याचा तो विचार करीत होता, हे मला न सांगता कळले.

दुसरी डायव्ह कप्प्यांच्या आतली होती, आणि तिच्यासाठीच आम्ही गेलो होतो. बेडफर्डचे ट्रक रांगेत उभे आहेत आणि त्यांच्या मागच्या हौद्यांत मोटारसायकली दाटीने लावल्या आहेत. बीएसए आणि नॉर्टन, दोन्ही एका सिलिंडरच्या, साइड-व्हॉल्व्हच्या (झडपा सिलिंडरच्या बाजूला असलेल्या), पाचशे सीसीच्या आसपासच्या गाड्या. टॉर्चच्या उजेडात टायर पाहिले तर नक्षी अजून शाबूत आहे. सूर्यप्रकाश आणि ओझोन हे रबराचे खरे शत्रू, आणि तळाशी दोन्ही पोहोचत नाहीत. म्हणूनच बुटांचा ढीगही जसाच्या तसा आहे. धातूंची गोष्ट वेगळी. पातळ पोलादी पत्रा, म्हणजे मडगार्ड आणि टाकीचा भाग, गंजून जाळीसारखा झाला आहे. इंजिनाचे क्रँककेस, म्हणजे खालचे कवच, ॲल्युमिनियमचे. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम आणि पोलाद एकमेकांना टेकले की बॅटरीसारखी क्रिया सुरू होते आणि त्यात आधी ॲल्युमिनियम झिजते, त्यामुळे काही क्रँककेस पार खचलेली दिसली. पितळी काडतुसांच्या नळ्या मात्र हिरवट होऊन टिकून आहेत.

वर आल्यावर मास्क काढायच्या आधीच मित्र म्हणाला, "भावा, सिलिंडरचं बीड काय झिजल्यालं दिसत न्हाई की!" त्याला जे दिसले ते खरे होते आणि नव्हतेही. बिडात कार्बन ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात असतो. समुद्राचे पाणी त्यातले लोखंड हळूहळू विरघळवून नेते आणि मागे ग्राफाइटचा सांगाडा उरतो. आकार तोच, कडा त्याच, कास्टिंगवरचे आकडेसुद्धा वाचता येतात, पण ताकद गेलेली असते. रत्नागिरीकडच्या एका गिऱ्हाईकाने समुद्राच्या पाण्यावर चालवलेल्या पंपाचे जुने केसिंग माझ्याकडे आणून टाकले होते, ते बाहेरून धड दिसत होते आणि चाकूने खरवडताच काळी पूड निघत होती. थिसलगॉर्मवरच्या सिलिंडरांना मी हात लावला नाही, लावूही नये, पण तिथे चाकू चालला असता तर तेच निघाले असते, याविषयी मला शंका नाही.

जहाजाचे खरे नुकसान मात्र खाऱ्या पाण्यापेक्षा आम्ही डायव्हरांनी केले आहे. १९५० च्या दशकात फ्रेंच संशोधक झाक-इव्ह कुस्तो यांनी ते शोधले, तेव्हा त्यांच्या पथकाने एक मोटारसायकल आणि जहाजाची घंटा वर नेली. नंतर अनेक वर्षे ते विस्मरणात गेले आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून हौशी डायव्हरांची रीघ लागली. मोटारसायकलींची हँडल, ट्रकांची स्टिअरिंग, काचा, मीटर, जे सुटे होते ते लोकांनी आठवण म्हणून नेले. चोरी निदान दिसते तरी. न दिसणारे नुकसान आपल्या श्वासाचे आहे. आत शिरलेल्या प्रत्येक डायव्हरने सोडलेले बुडबुडे वरच्या डेकच्या आतल्या बाजूला अडकतात, तिथे हवेचे कप्पे तयार होतात आणि पाणी, हवा व पोलाद जिथे एकत्र येतात तिथे गंज झपाट्याने धरतो. यावर उपाय म्हणून २००७ च्या सुमारास हर्गाडाच्या हेपका या पर्यावरण संस्थेने डेकला भोके पाडली. आम्ही काळ्या वाळूच्या साच्याला तार खुपसून गॅस जाण्यासाठी भोके पाडतो, अन्यथा ओतलेल्या मालात हवेचे फुगे राहून कास्टिंग वाया जाते. समुद्राच्या तळाशी तोच उपाय वेगळ्या कारणासाठी वापरलेला पाहून मला उद्यमनगरातल्या कोणत्याही मोल्डरला (साचे बनवणाऱ्याला) ती भोके दाखवावीशी वाटली.

दोरांचा प्रश्न मात्र भोकांनी सुटत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी सकाळी नऊपर्यंत सात-आठ बोटी जमल्या होत्या आणि त्यांतल्या बहुतेकींचे दोर थेट जहाजाच्या कठड्यांना आणि विंचना बांधलेले होते. आमच्या बोटीचाही. लाटेबरोबर बोट वर-खाली होते तसा तो दोर हिसके देतो, आणि गंजलेल्या पोलादाला सततचा हिसका कसा मानवतो हे कारखान्यात क्रेन चालवणाऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. तळाशी वेगळी वजने ठेवून त्यांना बोटी बांधण्याची सोय नीट उभारून सक्तीची करावी आणि दिवसाला किती माणसे आत जाणार यावर मर्यादा घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे; मग मला नंबर लागण्यासाठी दोन वर्षे थांबावे लागले असते तरी चालले असते. हे आपल्यासाठीही परके नाही. नौदलातून जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झालेली आणि मूळची पोलंडमध्ये बांधलेली आयएनएस गुलदार ही युद्धनौका निवतीच्या समुद्रात बुडवून तिथे डायव्हिंगचे ठिकाण करण्याची योजना महाराष्ट्र शासनाने आखली आहे. कोल्हापूरहून घाट उतरला की ते ठिकाण आपल्याच अंगणात येते. बोटी बांधण्याची जागा आणि आतली हवा बाहेर जाण्याची वाट या दोन गोष्टी नौका तळाशी जाण्यापूर्वीच ठरवल्या पाहिजेत, नंतर त्या कोणी करीत नाही.

दुपारी प्रवाह थोडा मंदावल्यावर गाइड आम्हाला जहाजापासून दूर वाळूत पडलेल्या वाफेच्या इंजिनाकडे घेऊन गेला. ही इंजिने डेकवर बांधलेली होती आणि स्फोटाच्या धक्क्याने बाजूला फेकली गेली, असे सांगतात. तीस मीटरच्या आसपास, उघड्या वाळूत, आडोसा नाही आणि प्रवाह तोंडावर. त्यामुळे तिथे फार वेळ मिळाला नाही. बॉयलरचे पिंप, चाके, चाकांना जोडणारे दांडे एवढे नीट ओळखता आले. एक मोठा हेकरू मासा त्याखाली बसला होता आणि त्याने आमची दखल घेतली नाही.

हे इंजिन लंडन, मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या ८एफ वर्गाचे, मालगाड्या ओढण्यासाठी विल्यम स्टॅनियर यांनी आखलेले. याच स्टॅनियर यांनी त्याच रेल्वेसाठी प्रवासी गाड्यांची ज्युबिली वर्गाची इंजिने आखली होती आणि त्यांतल्या अनेकांना साम्राज्यातील प्रांतांची व संस्थानांची नावे दिली होती. बडोदे, ग्वाल्हेर, इंदूर यांच्या जोडीला १९३४ मध्ये ग्लासगोत बांधलेल्या ५५९३ क्रमांकाच्या इंजिनाचे नाव होते 'कोल्हापूर'. हे इंजिन भंगारात गेले नाही. १९६७ मध्ये सेवेतून काढल्यावर ते जतन करण्यात आले आणि बर्मिंगहॅममधील टायस्ली येथे ठेवले गेले. परतीच्या वाटेवर हे मी मित्राला सांगितले, तेव्हा त्याचा आधी विश्वासच बसेना. मग एकाच माणसाच्या हातून उतरलेल्या या दोन इंजिनांपैकी कोणाचे नशीब बरे, यावर बंदर येईपर्यंत आमचा वाद चालला. टायस्लीच्या इंजिनाचा बॉयलर पुन्हा कधी तरी पेटू शकतो, हा माझा मुद्दा होता. मित्राचे म्हणणे असे की तळाशी असलेल्याला गिऱ्हाईक जास्त आहे, आणि शिवाय त्याला रंग द्यावा लागत नाही.