इंदूरला कुठला आलाय समुद्र?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. नाहीतर रविवारी कॉलनीच्या हॉलमध्ये डोकावणारा प्रत्येक जण हेच विचारतो: पोरं क्रोशाची सुई घेऊन प्रवाळं विणतायत ते ठीक आहे, पण इंदूरला कुठला आलाय समुद्र?

कल्पना आमची नाही. मार्गारेट आणि ख्रिस्तीन वर्थहाइम या मूळच्या ऑस्ट्रेलियातल्या जुळ्या बहिणींनी २००५ साली लॉस एंजेलिसमध्ये क्रोशाचा प्रवाळखडक विणायला घेतला, आणि पुढे कितीतरी शहरांतल्या लोकांनी आपापले खडक विणले. त्यामागची युक्ती डायना टायमिना या गणितज्ञ बाईंची, १९९७ ची: ठरावीक टाक्यांनंतर एक टाका वाढवत राहायचं. बस.

आम्ही दर तीन खांबांनंतर (खांब म्हणजे क्रोशाचा उंच टाका) एका घरात दोन खांब घालतो. सुरुवातीला काम गुमान सपाट राहतं. मग ओळीगणिक कड इतकी वाढते की तिला पसरायला जागाच उरत नाही. ती वळते, दुमडते, स्वतःवरच चढते. रुमाल आणि थालपोस विणण्यात हयात गेलेल्या आमच्या एक आजी हे बघून अजून अस्वस्थ होतात. त्यांच्या शिस्तीत झालर आली म्हणजे टाके चुकले, उसवा! त्या पोरांचं काम मांडीवर थापून सपाट करू बघतात आणि पोरं खिदळतात. खऱ्या प्रवाळाला मात्र ही झालर कामाची असते. थोड्या जागेत पृष्ठभाग जास्त, म्हणजे ऊन आणि खाणं दोन्ही जास्त मिळतं. पोवळं म्हणजे मंगळाच्या अंगठीतला खडा, एवढंच ठाऊक असलेल्या मुलांना तो एका जिवाचा सांगाडा आहे हे इथे कळलं.

आता समुद्राचं. आपल्या नळाला नर्मदा येते, नर्मदाकाठच्या जलूद गावाहून पंपांनी घाट चढवून आणलेली. तिला तिच्या वाटेनं जाऊ दिलं असतं तर ती भडोचजवळ खंभातच्या आखाताला मिळाली असती. आपण त्यात कपडे धुतो आणि ते पाणी कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागराकडे निघतं. म्हणजे एका समुद्राच्या वाटेवरचं पाणी दुसऱ्याच्या वाटेला लावणारं गाव आहे हे, आणि लोक मला विचारतात समुद्र कुठे!

त्या पाण्याबरोबर पॉलिएस्टर-ॲक्रिलिकचे डोळ्यांना न दिसणारे तंतूही जातात. सांडपाण्याच्या शुद्धीकरणात बरेचसे अडकतात, सगळे नाही. म्हणून आमच्याकडे सुती दोराच. यावरून दर रविवारी वाद ठरलेला, कारण झगझगीत गुलाबी ॲक्रिलिक लोकर स्वस्त मिळते आणि सुतात तो रंग येत नाही. मुलांचं म्हणणं अगदीच चूक नाही: भिंतीवर टांगायची वस्तू धुणार कोण? मी तरी अडून बसते.

तडजोड त्यांनीच काढली. पाणी तापलं की प्रवाळ आपल्यातलं शेवाळ बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. तेव्हा खडकाचा एक कोपरा नुसत्या पांढऱ्या सुताचा करायचा, आणि दुधाच्या पिशव्या कापून केलेल्या पट्ट्या त्यातच विणायच्या. पिशव्या धुऊन, वाळवून आणा. मागच्या वेळी हॉलभर आंबूस वास सुटला होता.