एकाच बिलातल्या दोन पट्ट्या

योनिमार्गात ठेवायची गोळी घ्यायला ती वापरणारी बाई सहसा मेडिकलमध्ये येत नाही. मुलगा येतो, नवरा येतो, रिकामी पट्टी काउंटरवर सरकवून दुसरीकडे बघत उभा राहतो. आम्हीही पट्टी काळ्या पिशवीत घालून मोकळे. गोळी वापरायची कशी, हे कुणी कुणाला सांगतच नाही.

त्या दुपारी मावशी स्वतः आल्या. पाळी जाऊन सात-आठ वर्षं झालेली. बुरशीवरची क्लोट्रिमॅझोल 100 मिलिग्रॅम, सहा गोळ्यांची ही त्यांची चौथी पट्टी. गिऱ्हाईक नव्हतं म्हणून त्या बोलल्या, "ताई, गोळी विरघळतच नाही. खडूसारखे तुकडे पडतात."

आधी विचारलं, अंगावरून जातं ते कसं? फाटलेल्या दह्यासारखं, वास नाही, खाज आणि आग भरपूर. म्हणजे लक्षणं तरी फंगलची, बुरशीची. माशासारखा वास किंवा हिरवट-फेसाळ पाणी असतं, तर या गोळीचा उपयोग नव्हता. आणि रक्त, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असतं, तर मी गोळी न देता दवाखान्यातच पाठवलं असतं.

गोळी ठेवत होत्या सकाळी, अंघोळीनंतर. मग दिवसभर उभ्याने काम. गोळी टिकणार कशी? ती रात्री, झोपताना ठेवायची. हात धुवायचे, उताणं पडून गुडघे वर घ्यायचे आणि अ‍ॅप्लिकेटरने किंवा बोटाने, दुखणार नाही इतपत पण जमेल तितकी आत सारायची. मग उठायचं नाही. ही गोळी ओलाव्यावर विरघळते, आणि पाळी गेल्यावर तो ओलावाच कमी होतो. म्हणून ठेवण्याआधी स्वच्छ पाण्यात क्षणभर बुडवायची. तरीही तुकडे पडले तर डॉक्टरांकडून क्रीम लिहून घ्यायचं. त्यात मावशी रोज तुरटीच्या पाण्याने आतून धूत होत्या, म्हणजे आगीत तेल. बाहेरून साधं पाणी पुरतं. शिवाय दोन रात्रींत खाज थांबली की उरलेल्या चार गोळ्या डब्यात. खाज आधी जाते, बुरशी मागे राहते, म्हणून सहाही रात्री पुऱ्या करायच्या.

(पाळी चालू असणाऱ्यांनी गोळी त्या दिवसांत सुरू करू नये, वाहून जाते. निरोधवर विसंबू नये, काही क्रीम-गोळ्यांनी रबर कमकुवत होतं. दिवस गेले असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही, पोटात घ्यायची बुरशीवरची गोळी, फ्लुकोनॅझोल, तर नाहीच.)

एवढ्यात काउंटरवरच्या पोराने दीडशे मिलिग्रॅमची फ्लुकोनॅझोल काढली. "एकच गोळी, झंझट नाही." या धंद्यात झंझट नसलेल्या गोळीइतकं मला कशाचं भय वाटत नाही. मावशींना मधुमेह आहे, हे मला माहीत होतं. ग्लिमेपिराइड ही साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर फ्लुकोनॅझोल तिचा असर वाढवते, साखर एकदम उतरू शकते. ते बघायला मी संगणकात त्यांचं जुनं बिल उघडलं.

ग्लिमेपिराइड होतीच. तिच्याखाली डापाग्लिफ्लोझिन, 10 मिलिग्रॅम. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते, दिवसाला साधारण 70 ग्रॅम. त्या जागी बुरशीला आयतं जेवण. पेटंट संपल्यापासून ती स्वस्त झाली आणि ढिगाने खपते. मावशींची ती मार्चमध्ये सुरू झाली, क्लोट्रिमॅझोलची पहिली पट्टी मेमध्ये. जूनमध्ये तर दोन्ही एकाच बिलात, आणि ते बिल मीच केलेलं.

डापाग्लिफ्लोझिन स्वतःहून बंद करू नका, असं दोनदा बजावलं आणि त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. "असं होतं कधी कधी," ते म्हणाले. मग गोळी लिहून देताना मावशींना हे का सांगितलं नाही? मी विचारलं नाही. मलाही तोच प्रश्न उलट विचारता आला असता. त्यांनी मावशींना बोलावून एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी, केली आणि ती गोळी बदलली. मावशींनी सहा रात्री पुऱ्या केल्या. पाचवी पट्टी लागली नाही.

आता बिलिंगच्या संगणकात डापाग्लिफ्लोझिनपुढे मी शेरा टाकलाय: "बायकांना खाजेबद्दल विचारा." पोरगा तो वाचतो, मान फिरवतो आणि पट्टी काळ्या पिशवीत घालतो.