तुम्ही विचारलंत म्हणून: सहा वर्षं

पीएचडीला सहा वर्षं का लागली, हे प्रत्येक लग्नात कुणीतरी विचारतंच. 'गाइड कडक होते' म्हणून मी वेळ मारून नेतो. बिचाऱ्या सरांचा त्यात काही दोष नाही.

लॅन्थनम हेक्झाबोराइडच्या (लॅन्थनम आणि बोरॉन यांचं संयुग) नॅनोतारा, म्हणजे अतिसूक्ष्म तारा, वाढवायच्या होत्या. टंगस्टनमधून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला साधारण ४.५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतकी ऊर्जा लागते, यातून २.७च्या आसपास. म्हणजे इलेक्ट्रॉन सहज सुटतात; उपयोग काय, ते यात आलं.

तिसऱ्या वर्षीची गोष्ट. भट्टी ११५० अंशांवर, सिलिकॉनच्या तुकड्यावर सोन्याचा पातळ थर, वरून लॅन्थनम क्लोराइडची वाफ, बोरॉन ट्रायक्लोराइड आणि हायड्रोजन. सकाळी नळी उघडली तर तुकड्यावर पांढरी लव. एसईएमखाली (पृष्ठभाग दाखवणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) तारांचं रान! एक्सआरडीचे, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिक ओळखायच्या चाचणीचे, सगळे पीक्स बोराइडशी जुळले. मी पेढे वाटले. खरंच वाटले.

चार महिन्यांनी दुसऱ्या संस्थेत टीईएमचा (वस्तूच्या आरपार बघणारा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) स्लॉट मिळाला. एक तार पकडली, डिफ्रॅक्शन लावलं. स्फटिक असता तर ठिपके दिसायला हवे होते, दिसलं नुसतं धूसर कडं. दुसरी तार, तिसरी, तेच. मग ईईएलएस, म्हणजे आरपार जाताना इलेक्ट्रॉन किती ऊर्जा गमावतात त्यावरून मूलद्रव्य ओळखणं. बोरॉनची कड १८८ इलेक्ट्रॉन-व्होल्टला यायला हवी, तिथे सपाट. ५३२ला ऑक्सिजन मात्र ठसठशीत. ऑपरेटर शांतपणे म्हणाले, "काच आहे ही." गंमत म्हणजे त्या मायक्रोस्कोपची इलेक्ट्रॉन गन लॅन्थनम हेक्झाबोराइडचीच होती.

झालं होतं असं: वितळलेल्या सोन्याने खालचंच सिलिकॉन खाल्लं, नळीत कुठून तरी शिरलेल्या ऑक्सिजनने त्याच्या सिलिकाच्या, म्हणजे काचेच्या, तारा केल्या. बोराइड होतं, पण तारांखाली, साध्या थरात. पीक्स त्याचे.

आता म्हणाल, आधी कळलं नाही? आमच्या ईडीएसला (एसईएमला जोडलेलं, मूलद्रव्यं ओळखणारं यंत्र) बोरॉन दिसतच नव्हतं, हलकं मूलद्रव्य. हे मी व्हायवातही सांगितलं. पण बोराइड जांभळं असतं, हे मला पाठ होतं, आणि समोरची लव पांढरी होती. तेव्हाच्या मला खडसावलं तर तो अजूनही म्हणतो, "नॅनोमध्ये रंग बदलतो की!" बदलतोही कधीकधी, म्हणून त्याला पुरतं खोटं पाडता येत नाही.

पुढे सोनं काढलं, सिलिकॉन काढलं, नळीचे सगळे सांधे बदलले. पाचव्या वर्षी जांभळट साय आली. स्फटिकातल्या अणूंच्या जाळीतलं अंतर ०.४१६ नॅनोमीटर, बोराइडचं असतं तेवढंच. थिसिसमध्ये 'तारा' असं सरसकट लिहिलंय. तपासल्या त्या अकरा.